पेटी रिकामी होती, तर जड का होती?

ताई,

मी इचलकरंजीची. वय २४. दिवसा एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात बिलं आणि हजेरी बघते, रात्री टॅबवर चित्रं काढते. गेल्या वर्षापासून मराठीत एक कॉमिक करते आहे. दर रविवारी रात्री एक भाग वाचकांपुढे ठेवते, आठ-दहा चौकटींचा. ३४ भाग झाले. गोष्ट रेवा नावाच्या मुलीची. तिचे वडील रात्रपाळीला गेले ते परतलेच नाहीत. ते ज्या मागावर असायचे तो मालकाने बंद ठेवला आहे. पण रोज सकाळी त्या बंद मागावर वीतभर नवं कापड सापडतं. रेवा ते कापून घरी आणते. त्यावर काहीतरी नक्षी असते आणि ती नक्षी तिला कुठे ना कुठे घेऊन जाते.

खरं सांगते, सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे बंद मागाचं ते एकच चित्र होतं. वडील कुठे गेले, कापड कोण विणतं, मला माहीत नव्हतं. माझा एक मित्र पटकथा लिहितो. तो म्हणतो, शेवट माहीत नसताना पुढचा भाग काढणं ही वाचकांची फसवणूक आहे. म्हणून बसून ६०व्या भागापर्यंतचं सगळं लिहून काढलं, तो कागद सोबत पाठवते आहे. तो लिहिला आणि माझी चित्रं काढायची इच्छाच गेली. दोन रविवार भाग टाकला नाही. त्यात वाचक लिहितात, ‘बाप मेलाय, तोच विणतोय.’ माझ्या कागदावरही तेच आहे! आता शेवट बदलू का? की कागद फाडून टाकू आणि पूर्वीसारखं दर रविवारी सुचेल ते काढू?

— आर., इचलकरंजी

प्रिय आर.,

तुझं पत्र आलं त्या रात्री ३४ भाग सलग वाचले आणि मग तो कागद वाचला. कॉमिक वाचताना मी दोनदा मागे गेले, आधीचं चित्र पुन्हा बघायला. कागद वाचताना एकदाही मागे जावंसं वाटलं नाही. तुझी इच्छा का गेली असेल याचा अंदाज मला तिथेच आला. पण आधी तुझ्या मित्राच्या ‘फसवणूक’ या शब्दाबद्दल बोलते, कारण तो तुला लागलाय. आणि तशी फसवणूक माझ्या हातून झालेली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुलांच्या एका मासिकात चित्रमालिका लिहायचे. महिन्याला चार पानं. एक मुलगा सुट्टीत आजोळच्या वाड्यावर येतो आणि त्याला माळ्यावर एक कुलूपबंद पेटी सापडते. पेटीत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्याची काळजीही नव्हती. वर्षभर वेळ होता. तिसऱ्या भागात ती पेटी खाली उतरवायला चार गडी लागतात असं मी लिहिलं. चित्र छान होईल, एवढंच कारण. जिन्यावर घामाघूम झालेली चार माणसं, खाली उभी आजी ‘हळू, हळू’ म्हणतेय. चित्र खरंच छान झालं. पाचव्या भागाच्या वेळी चित्रकारांनी मला विचारलं, “आत काय आहे ते सांगून ठेवा, म्हणजे पेटीची उंची-लांबी त्या बेताने ठेवतो.” मी म्हटलं, बघू पुढे. अकराव्या महिन्यात संपादक म्हणाले, पुढच्या अंकात संपवा. मग बाराव्या भागात कुलूप उघडलं, पेटी रिकामी निघाली आणि आजोबांनी नातवाला सांगितलं की खरा ठेवा म्हणजे या घरातल्या आठवणी.

अंक निघाल्यावर पत्रं आली. बहुतेक मुलांना शेवट आवडला होता, निदान त्यांनी तसं लिहिलं होतं. एक पोस्टकार्ड मात्र चौथीतल्या एका मुलीचं होतं. त्यात दोनच ओळी. “पेटी रिकामी होती, तर ती उचलायला चार माणसं का लागली? ती जड का होती?”

मी तिला उत्तर पाठवलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

त्या मुलीला रिकाम्या पेटीचं वाईट वाटलेलं नव्हतं. नऊ महिने तिने त्या पेटीचं वजन लक्षात ठेवलं होतं आणि मी विसरले होते. सलग पुस्तक वाचणारा माणूस भराभर पुढे जातो. क्रमशः वाचणारा दोन भागांच्या मधल्या दिवसांत त्या गोष्टीत राहतो, शाळेत जाताना, झोपताना. तुझे वाचक शनिवारपर्यंत त्या वीतभर कापडाकडे बघत बसलेले असतात. तुझ्या मित्राला हेच म्हणायचं असणार. फक्त त्याने काढलेला उपाय मला पटत नाही. माझी चूक आयत्या वेळी लिहिण्यात नव्हती. वजन दाखवायचं आणि ते कशाचं ते ठरवायचं नाही, ही माझी चूक.

मी कुडाळजवळच्या गावात वाढले. जत्रेला दशावतार असायचा. तू पाहिला नसशील तर एकदा पाहा, तुझ्या कामाची गोष्ट आहे. लिहिलेली संहिता नसते. नट तोंडाला रंग लावत असतात तेव्हा आज कोणतं आख्यान, कुणी कुणाचं सोंग घ्यायचं, कोण आधी येणार हे ठरतं. मग रात्रभर जे संवाद होतात ते तिथल्या तिथे. समोरच्याने एक कोटी केली की त्यावर दुसरी, हार्मोनियम-मृदंगवाले ते ऐकून साथ देणार, रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. पहाटे दहीकाला होतो. राक्षस मरणार आहे हे नटाला ठाऊक, प्रेक्षकांना ठाऊक, आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक. तरी कुणी उठून जात नाही. आज तो मरण्यापूर्वी काय बोलणार, ते कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणजे ठरलेला शेवट आणि सुचेल तसं बोलणं एकाच बाकड्यावर बसू शकतात. आपल्याकडे शेकडो वर्षं बसत आलेत.

आता चित्रकथेतला आयत्या वेळचा सगळ्यात मोठा कलावंत घेऊ. जपानच्या अकिरा तोरियामाने ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रमालिका १९८४ ते १९९५ अशी दर आठवड्याला काढली, ५१९ प्रकरणं. पुढचं ठरवून ठेवायची आपल्याला सवय नाही, हे तो उघडपणे सांगायचा. नायक गोकूला त्याने सुरुवातीला माकडाची शेपटी दिली, कारण मूळ प्रेरणा जुन्या चिनी कथेतल्या वानरराजाची. बस, एवढंच. जवळजवळ चार वर्षांनी त्याला नवा, मोठा शत्रू हवा होता. तेव्हा त्याने मागे वळून ती शेपटी पाहिली आणि त्याच्या ध्यानात आलं की हा मुलगा या पृथ्वीवरचा नाहीच, अशाच शेपटीवाल्या परग्रहावरच्या लढवय्यांचा आहे. चार वर्षं वाचकांच्या डोळ्यांसमोर होती ती शेपटी. आधीपासून योजून ठेवली असती तरी याहून चपखल बसली नसती.

त्याच मालिकेतला दुसरा प्रसंग मला त्याहून शिकण्यासारखा वाटतो. भविष्यातून आलेला एक तरुण सांगतो की तीन वर्षांनी दोन यंत्रमानव येऊन जगाचा विध्वंस करतील. ते येतात. एक म्हातारा, एक गलेलठ्ठ. तोरियामाचा जुना संपादक काझुहिको तोरिशिमा तेव्हा मालिकेवर राहिला नव्हता, तरी त्याने फोन करून विचारलं, हे असले शत्रू? मग तोरियामाने दोन तरुण यंत्रमानव आणले. पण छापलेलं परत घेता येत नाही, म्हातारा आणि लठ्ठ तर वाचकांच्या हातात पोचलेले. मग त्याने काय केलं? भविष्यातून आलेल्या त्या तरुणालाच दचकवलं. तो म्हणतो, हे ते नव्हेत, मी सांगितले ते हे नव्हेत! कलावंताची अडचण पात्राची भीती झाली. इतिहास बदललाय, कसा ते कुणालाच कळत नाहीये, आणि वाचकाची झोप उडते. आपण मध्येच बेत बदलला हे त्याने लपवलं नाही, ते गोष्टीत घेतलं.

ही ताकद तुझ्या हातात आहे, मी ३४ भागांत पाहिली. १२व्या भागात नक्षीतून रेवा जुन्या बसस्टँडवर पोचते आणि तिथे कुणीच नसतं, तो भाग तू त्याच रविवारी दुपारी रचला असशील असं मला वाटतं. श्वास लागलेला आहे त्याला.

पण तोरियामाच्या गोष्टीत आणि तुझ्या गोष्टीत एक फरक आहे आणि तो मोठा आहे. त्याची गोष्ट वाचकाला विचारते, आता पुढे कोण येणार, गोकू त्याला कसा हरवणार? हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारता येतो, त्याचं उत्तर आधीपासून हातात असायची गरज नाही. तू मात्र पहिल्याच भागात विचारलंस, बाबा कुठे गेले? हा प्रश्न एकदाच विचारता येतो. आणि तू काढलेली प्रत्येक नक्षी त्याची खूण आहे असं वाचक धरून चालतो. तुला उत्तर माहीत नसेल तर खुणा खोट्या पडत जातात, दर रविवारी एक. माझी पेटी अशीच जड होत गेली.

त्यामुळे कागद फाडू नकोस. पण तो आहे तसा पाळूही नकोस.

‘अटॅक ऑन टायटन’ ही दुसरी जपानी चित्रमालिका सुरू झाली सप्टेंबर २००९ मध्ये, तेव्हा तिचा कर्ता हाजिमे इसायामा २३ वर्षांचा होता, तुझ्याहून एक वर्षाने लहान. आखणीच्या बाबतीत त्याच्याइतका पक्का माणूस क्वचित सापडेल. पहिल्या प्रकरणाचं नाव ‘दोन हजार वर्षांनंतरच्या तुला’ आणि १२२व्या प्रकरणाचं ‘दोन हजार वर्षांपूर्वीच्या तुझ्याकडून’. मधे दहा वर्षं गेली. ते १२२वं प्रकरण वाचल्यावर अंगावर काटा येतो. मालिका एप्रिल २०२१ मध्ये १३९व्या प्रकरणाला संपली, आणि शेवटावरून वाचकांत उभी फूट पडली. २०२३ मध्ये एका मुलाखतीत तो म्हणाला की तरुणपणी कल्पिलेल्या शेवटाला आपण बांधले गेलो होतो. मिळालेल्या अफाट शक्तीने त्याच्या नायकाचेच हात बांधले, तसंच आपलं या मालिकेत झालं, असंही म्हणाला. मला हे वाचून फार वाईट वाटलं. चौतिशीतला माणूस तेविशीतल्या पोराचा हुकूम पाळत बसला होता. बारा वर्षांत माणूस बदलतो, त्याची पात्रं बदलतात. शेवट मात्र जागचा हलत नाही.

तुझ्या कागदावर मी पेन्सिलने खुणा केल्या. ३५ ते ६० प्रत्येक भागात काय घडतं, कोण काय म्हणतं, कुठल्या चौकटीत पाऊस आहे, सगळं लिहिलंयस. हाताला काही उरलेलंच नाही. तुझा हात विचार करणारा आहे आणि तू त्याला नक्कल उतरवायला बसवलंस. तो रुसला, बरोबर केलं त्याने. आणि एवढं सगळं लिहूनही त्या कागदावर एक गोष्ट नाही. वडील वारलेत, ते विणतात, रेवाला कळतं. कळल्यावर ती काय करते? ‘रेवा रडते. समाप्त.’ बाप मेलाय ही बातमी झाली. गोष्टीचा शेवट अजून तू लिहिलेलाच नाहीस.

(‘फुलमेटल अल्केमिस्ट’ वाचायचं राहिलं असेल तर पुढचा परिच्छेद सोडून दे, मी शेवट सांगणार आहे.)

हिरोमु अराकावाची ही मालिका २००१ ते २०१० दरमहा यायची. दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणायला जातात. त्यात थोरल्याचा पाय आणि हात जातो, धाकट्याचं अख्खं शरीर. नियम सुरुवातीलाच सांगितलेला आहे, काही मिळवायचं तर तितक्याच मोलाचं काही द्यावं लागतं. नऊ वर्षं, २७ खंड, युद्धं, राजकारण, डझनावारी पात्रं. आणि शेवटी थोरला भाऊ धाकट्याला परत मिळवतो ते स्वतःची किमया कायमची देऊन. ज्या विद्येसाठी त्याचं नाव झालं तीच. वाचताना वाटतं, हो, हेच द्यायचं उरलं होतं त्याच्याकडे. हा शेवट अमुक युक्तीने होतो की तमुक, याने मला फारसा फरक पडला नसता. पण त्याने दुसरं काही दिलं असतं, स्वस्तातलं, तर पहिल्या पानावरचा नियम खोटा ठरला असता.

म्हणून तुला ठरवायच्या गोष्टी दोनच आहेत. एक, वडिलांचं काय झालं. हे एका ओळीत लिही, आणि एकदा लिहिलं की बदलू नकोस, कारण सगळ्या खुणा त्यावर टेकणार आहेत. दुसरी, रेवाला यात काय द्यावं लागतं. ती रोज कापड कापून घरी आणते. कधीतरी कापायचं थांबावं लागेल का तिला? जमलेलं सगळं कापड उसवावं लागेल? माग सुरू करून त्यावर स्वतः उभं राहावं लागेल, म्हणजे वडिलांची जागा घ्यावी लागेल? मी सुचवत नाही, विचारते आहे. यातलं एक निवडशील तेव्हा पोटात थोडं खड्डा पडल्यासारखं झालं पाहिजे. ते होईल तो तुझा शेवट. बाकी रेवा तिथे कोणत्या रस्त्याने पोचते, वाटेत कोण भेटतं, पाऊस कुठे पडतो, हे रविवारवर सोड.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात क्रमशः छापली. ती यमूने स्वतः सांगितलेली तिची कहाणी आहे. सांगणारीने सगळं भोगून झालेलं आहे, पुढच्या अंकाची वाट बघणाऱ्याला अजून काही ठाऊक नाही. माहेरच्या साध्या गंमतीजमतीसुद्धा ती सांगते त्या आवाजात पुढचं दुःख आधीच मुरलेलं असतं. तुला तुझ्या दोन गोष्टी माहीत झाल्या की तुझ्या रेषेत असंच काहीतरी उतरेल. तू मुद्दाम काही करू नकोस त्यासाठी.

आता ‘बाप मेलाय’ म्हणणारे वाचक. त्यांनी ओळखलं म्हणून शेवट बदलायचा नाही. ३४ भाग लक्ष देऊन वाचल्यावर काही जणांना ओळखता आलं, म्हणजे तुझ्या खुणा खऱ्या होत्या. जे ओळखू आलं ते टाळण्यासाठी तू दुसरंच काही काढलंस तर ज्यांनी मनापासून वाचलं त्यांचाच अपमान होईल. दशावतारातल्या संकासुर राक्षसाचं काय होणार हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत असायचं. शिवाय, बाप मेलाय हे त्यांनी ओळखलं. रेवा काय देणार, हे कुणी ओळखलंय का? मी तुझ्या भागांखालच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. कुणीही नाही.

एक गोष्ट लांबीबद्दल. बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, मागावर चढतो तेव्हा ताणा किती मीटरचा हे ठरलेलं असतं, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. तुझ्या गोष्टीचा ताणा किती? जपानमध्ये ‘शोनेन जंप’सारख्या साप्ताहिकांत वाचकांचा कौल घसरला की मालिका थोड्या आठवड्यांत गुंडाळावी लागते, त्यामुळे तिथल्या नवख्या चित्रकाराला लांबचा शेवट मनात ठेवूनही जवळच्या बाहेर पडायच्या वाटा उघड्या ठेवाव्या लागतात. तुझ्यावर कुणी संपादक नाही. पण नोकरी आहे, मनगट आहे, घरचे आहेत. कधीही पाच भागांत शेवटापर्यंत जाता येईल, इतपतच धागे सैल सोड. २७व्या भागातला तो ट्रकवाला आणि २९व्यातलं रहस्यमय घड्याळ, दोन्ही मला सैल वाटले. घड्याळ का आणलंस? चित्र छान होईल म्हणून? तसं असेल तर या महिन्यातच त्याला काम दे. नंतर ते जड होईल.

आणि शेवट कुणाला तरी सांगून ठेव. ‘बर्सर्क’चा कर्ता केंतारो मिउरा ६ मे २०२१ रोजी वारला, ५४ वर्षांचा होता. १९८९ पासून चाललेली मालिका अधांतरी राहिली. पण जवळजवळ तीस वर्षांपूर्वी त्याने आपल्या शाळेपासूनच्या मित्राला, कोउजी मोरीला, गोष्ट शेवटापर्यंत सांगितलेली होती. मोरी स्वतः चित्रकथा करणारा. २०२२च्या जूनमध्ये मोरीच्या देखरेखीखाली मिउराच्या सहकाऱ्यांनी, स्टुडिओ गागाने, मालिका पुन्हा सुरू केली. मोरीने तेव्हा वाचकांना सांगितलं की मिउराने मला जे सांगितलं तेवढंच येईल, मी पदरचं काही घालणार नाही, जे स्पष्ट आठवत नाही ते लिहिणार नाही. मैत्रीची याहून मोठी निशाणी मला माहीत नाही.

तुला काही होईल म्हणून हे सांगत नाही, शंभर वर्षं जग. मोठ्याने सांगताना आपल्याला आपलाच शेवट ऐकू येतो, म्हणून सांगते. जिथे आवाज अडखळतो तिथे तो कच्चा असतो. त्या पटकथावाल्या मित्राला सांग. ‘फसवणूक’ हा शब्द त्याने कडक वापरला, पण तो तुझं काम मन लावून वाचतो, नाहीतर एवढा चिडला नसता. त्याला दोनच वाक्यं सांग आणि मग तो काय विचारतो ते ऐक.

शेवटचं, आणि हे सांगण्यासाठी मी खरं तर पत्र लिहायला बसले.

तुझ्या ३४ भागांत रेवाची आई ११ वेळा येते, मी मोजलं. चार वेळा त्या चौकटीत कापड आहे. ७व्या भागात रेवा ते खाटेवर पसरते आणि आई पाठमोरी भाकरी थापते आहे. १५व्यात आई त्याची घडी घालते, पण तिची नजर दाराकडे. २२व्यात आई ते ट्रंकेत ठेवते आणि तिचा चेहरा झाकणाने झाकलेला. ३१व्यात रेवा तिच्यासमोर नक्षी धरते, आणि आई दिव्याची वात सारखी करते.

आई एकदाही त्या कापडाकडे बघत नाही.

तुझ्या कागदावर याचा उल्लेख कुठेही नाही, म्हणजे तू हे ठरवून केलेलं नाहीस. तुझ्या हाताने केलं. ती का बघत नाही? तिला घाबरवणारं काही आहे, की ती नक्षी तिला ओळखू येते? वडील कुठे गेले हे घरात कुणाला तरी पहिल्या दिवसापासून माहीत आहे का? हे प्रश्न मी तुझे ३४ भाग वाचून विचारते आहे, वरून आणलेले नाहीत. मी चुकीचीही असेन, उत्तर तू दे.

३५वा भाग या रविवारी टाकायचा असेल तर तो कागद बाजूला ठेव, आणि आधी एकच चौकट काढ. आई एकटी आहे, रेवा कारखान्यात गेलेली. ट्रंक उघडी आहे. आईच्या हातात कापड आहे, आणि आता ती त्याकडे बघते आहे. तिचा चेहरा कसा होतो ते तुझ्या हाताला काढू दे, आणि मला पाठव.

— तुझी ताई